सुटकेच्या आधीची तयारी

आपल्या नात्यातल्या कोणाला सक्तमजुरी झाली, की घरचे सुटकेच्या तारखेकडे डोळे लावून बसतात. परत येण्याची तयारी मात्र शिक्षा लागते तेव्हापासूनच करायची असते.

सक्तमजुरी म्हणजे काम आलेच. शेती, सुतारकाम, बेकरी, जे असेल ते. त्याची मजुरी कैद्याच्या खात्यावर जमा होते. काम आणि वागणूक चांगली असेल तर ‘माफी’ मिळते, म्हणजे शिक्षेचे काही दिवस कमी होतात.

पुढे येते रजा. संचित रजा, म्हणजे फर्लो, ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळते आणि तिचे दिवस शिक्षेतच धरले जातात. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, घरातले आजारपण किंवा मृत्यू अशा कारणासाठी असते. ते दिवस शिक्षेत धरत नाहीत.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. रजेच्या अर्जासाठी पोलीस अहवाल लागतो, तो गावात चौकशी करून तयार होतो, आणि जामीनदारही लागतो. पोलीस आल्यावर घरचेच गप्प राहिले, तर अर्ज फेटाळला जाण्याची भीती असते. कोणाकडे राहणार, जामीन कोण देणार, हे आपण आधीच ठरवून ठेवावे. रजेवरून उशिरा परतणे तर फारच महागात पडते: मिळवलेली माफी कापली जाते, पुढची रजा लांबते.

वागणूक भरवशाची ठरली तर खुले कारागृह. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही अशीच खुली वसाहत आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानाने मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून ही वसाहत उभी केली. इथे कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. ‘दो आँखें बारह हाथ’ या सिनेमाला याच प्रयोगातून प्रेरणा मिळाली. सिनेमा सगळ्यांना ठाऊक, वसाहत मात्र फार थोड्यांना. हे मला नेहमी खटकते.

सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. आधार हरवलेले, बँक खाते बंद, काम कोणी देत नाही, आणि मदतीला धावून येतात ते जुने सोबती. म्हणून कागदपत्रांचे काम आत असतानाच सुरू करावे. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात परिविक्षा अधिकारी असतात, म्हणजे सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचे काम पाहणारे सरकारी अधिकारी. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हेच काम करतो.

सुटताना मिळालेला दाखला जपून ठेवा, आणि लगेच त्याच्या दोन-तीन झेरॉक्स काढा.