ऑइलवर तरंगणारा क्रँक

मे महिन्यातली दुपार. सायन-पनवेल महामार्गावर तुर्भ्याजवळ गाड्या खोळंबल्यात. एका जुन्या डिझेल जीपच्या डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा सकाळी गाडी सुरू करताना पाच बारपाशी होता, तो आता जेमतेम एकावर आलाय. चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गॅरेजमधला सल्ला ठरलेलाच: "दादा, ऑइल पातळ पडतंय. पुढच्या वेळी जाड टाका, वीस-पन्नास." जाड ऑइल टाकलं की काटा खरोखर वर चढतो. गाडी ऑइलही थोडं कमी खाते. सगळे खूश.

पण काटा वर चढला म्हणजे इंजिनाचं भलं झालं का?

इंजिनातला ऑइल पंप साधा आहे. दर फेरीला तो ठरावीक माप ऑइल पुढे ढकलतो. दाब तो स्वतः तयार करत नाही. पुढची वाट अरुंद असते म्हणून दाब तयार होतो. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवल्यावर जे होतं, तेच. म्हणजे काटा मोजतो तो ऑइलला होणारा अडथळा. 15डब्ल्यू-40 जातीच्या ऑइलचा दाटपणा 100 अंशांना साधारण 14 सेंटिस्टोक असतो. तेच ऑइल सकाळी 25 अंशांना सुमारे 240 वर जातं, म्हणजे सतरा पट दाट. (पाण्याचा दाटपणा साधारण एक.) 5डब्ल्यू-30 सिंथेटिक त्याच सकाळी याच्या निम्म्यावर असतं. ऑइल जितकं वाहायला नाखूश, तितका काटा वर. दाब फार झाला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑइल बेअरिंगकडे न जाताच मागे फिरतं. काटा सर्वात रुबाबदार दिसतो, नेमकं तेव्हाच ऑइल सर्वात आळशी असतं.

मग बेअरिंगला वाचवतं कोण? याचं उत्तर 1883 साली एका लाकडी बुचानं दिलं.

ब्युचॅम्प टॉवर हा इंग्लिश इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल घालायला त्यानं बेअरिंगच्या वरच्या अंगाला भोक पाडलं. आस फिरू लागला आणि ऑइल आत जायच्या ऐवजी भोकातून उसळून बाहेर येऊ लागलं. टॉवरनं भोकात बूच ठोकलं. ते उडालं. लाकडाची खुंटी ठोकली. तीही बाहेर. शेवटी त्यानं तिथं दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला 100 पौंड होता. मापकाचा काटा 200 च्याही पुढे गेला. त्या बेअरिंगला पंप जोडलेलाच नव्हता! फिरणारा आसच ऑइलला चिंचोळ्या फटीत ओढून नेत होता आणि त्या पाचरीत इतका दाब तयार होत होता की सगळं ओझं ऑइलवर उचललं जात होतं. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगचा हिशेब त्याच्याच समीकरणावर चालतो.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. जुलैच्या सरीत पाम बीच रोडवर वेगानं निघालेली गाडी अचानक हलकी वाटते, स्टिअरिंग सैल पडतं. टायरनं पुढचं पाणी पाचरीत ओढलेलं असतं आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर चढलेला असतो. रस्त्यावर हा अपघाताचा क्षण. इंजिनात मात्र हीच नेहमीची, हवीहवीशी स्थिती. क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकलेला नसतो, तो ऑइलवर तरंगतो. काही ठिकाणी हा थर जेमतेम एक मायक्रॉनचा असतो. आपला केस त्याच्या पन्नास पट तरी जाड. पंपाचा दाब असतो एक ते पाच बार, त्या थरातला दाब शेकडो बार. पंप फक्त पाणक्या आहे. ओझं उचलतं ते फिरणं आणि ऑइलचा दाटपणा मिळून. म्हणून ऑइलच्या जातीसाठी 150 अंशांना, जोरदार घुसळणीत उरणारा किमान दाटपणाही ठरवून दिलेला असतो: 30 जातीसाठी 2.9, 15डब्ल्यू-40 साठी 3.7 मिलिपास्कल-सेकंद. इंजिन बनवणारा फटी आणि भार पाहून यातला आकडा निवडतो. आपण नुसता काटा बघून तो बदलतो.

आता ऑइल खाण्याकडे वळू. "आमची गाडी थेंबभरही ऑइल खात नाही" असं कोणी अभिमानानं सांगितलं, तर जरा थांबावं. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर हवाच, नाहीतर रिंगा भिंत खरवडतील. दर स्फोटात त्या थरातलं कणभर ऑइल जळतंच. हिशेब करून पाहा. चार सिलिंडरचं इंजिन 2,500 फेऱ्यांवर, ताशी 50 किलोमीटरनं 1,000 किलोमीटर गेलं, तर पिस्टन मिळून सुमारे 2 कोटी 40 लाख वेळा भिंत पुसतात. एवढ्यात 100 मिलिलिटर ऑइल गेलं, तर एक थेंब सुमारे बारा हजार वेळा पुसायला पुरला! स्वयंपाकघरात इतक्या काटकसरीनं तेल वापरणारी सुगरण सापडायची नाही.

ऑइल जाण्याची दुसरी वाट वाफेची. वाशी खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना डावीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्यापलीकडे माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमची रिफायनरी आहे, देशातली सर्वात मोठी ल्यूब रिफायनरी. क्रूडमध्ये लहान-मोठे, सरळ-वाकडे सगळे रेणू एकत्र असतात; धान्य पाखडावं तसे ते निवडून काढावे लागतात. कितीही पाखडलं तरी थोडे हलके रेणू राहतातच आणि गरम रिंगांपाशी तेच आधी उडून जातात. पॉलिअल्फाओलेफिन हे अस्सल सिंथेटिक उलट्या रीतीनं बनतं. इथिलीन वायूपासून दहा कार्बनचे रेणू जुळवायचे आणि त्यातले तीन-चार एकमेकांना जोडायचे. पाखडण्याऐवजी दाणाच मापानं घडवायचा! ऑइल 250 अंशांवर तासभर ठेवून किती उडालं ते मोजणारी नोआक चाचणी हा फरक दाखवते. आजच्या पेट्रोल इंजिनांच्या प्रचलित मानकांत 15 टक्क्यांपर्यंत घट चालते. चांगली सिंथेटिक ऑइलं त्याच्या बरीच खाली राहतात. मात्र डब्यावरचा 'सिंथेटिक' शब्द एकट्यानं पुरत नाही. 1999 मध्ये अमेरिकेतल्या जाहिरात-निवाडा मंडळानं क्रूडपासूनच पण हायड्रोजनच्या जबर प्रक्रियेनं बनवलेल्या ऑइललाही तो शब्द वापरू दिला. ती ऑइलंही उत्तम असू शकतात. पण तुलना शब्दाची नको, नोआकच्या आकड्याची करावी.

घरच्या घरी दोन ऑइलं तोलायची तर काट्याच्या नोंदी इंजिन सारखंच तापलेलं असताना, सारख्याच फेऱ्यांवर घ्याव्यात. ऑइलची पातळी सपाट जागी, गाडी थंडावल्यावर बघावी आणि टॉप-अप मापून लिहून ठेवावा. इथं एक चकवा आहे. वाशी ते नेरूळ अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि पातळी हलत नाही. मालक म्हणतो, ऑइल खातच नाही. प्रत्यक्षात ऑइल गेलेलं असतं आणि त्याच्या जागी पेट्रोल आलेलं असतं. लोणावळ्याचा घाट चढून आलं की ते पेट्रोल उडतं आणि दोष नव्या ऑइलवर येतो.

डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरची लाल बत्ती लागली तर मात्र तत्त्वज्ञान बाजूला ठेवून इंजिन ताबडतोब बंद करावं. पाणक्याच आला नाही तर पाचर भरायची कशानं?

तुर्भ्याची रांग अजून हललेली नाही. काटा एकावरच आहे आणि कंपनीच्या पुस्तकात गरम इंजिनासाठी तेवढाच आकडा दिलाय. बॉनेटखाली क्रँक मिनिटाला आठशे फेऱ्या मारतोय, केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढ्या ऑइलवर, खाली न टेकता.