‘म्हातारचळ’ म्हणण्यापूर्वी कारण शोधा

घरातील वडीलधारे माणूस अबोल झाले, रात्र रात्र जागू लागले, पुढ्यातले ताट बाजूला सारू लागले, की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. ‘आता वय झाले’ हे एक आणि ‘काहीतरी बाहेरचे असावे’ हे दुसरे. पहिल्या उत्तराला आपण ‘म्हातारचळ’ असे नाव दिले. दुसऱ्यासाठी देवऋषी गाठला जातो. दोन्हींचा परिणाम एकच होतो, योग्य उपचारांना उशीर. वाचकहो, मनाचे आजार हा वार्धक्याचा अटळ भाग नाही. त्यांना कारणे असतात आणि कारण सापडले की उपचारांची दिशाही सापडते.

कारण एक नसते

मानसिक आजार बहुधा तीन धाग्यांनी विणलेला असतो. पहिला धागा शरीराचा. मेंदूतील रासायनिक संदेशवहनात होणारे बदल, आनुवंशिकता, पक्षाघात, पार्किन्सन, दीर्घकाळचा मधुमेह व रक्तदाब यांचा मनावर परिणाम होतो. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि रक्तातील सोडियम घटणे यांमुळेही उदासी किंवा विसराळूपणा दिसू शकतो. म्हणूनच डॉक्टर रक्ततपासणी सांगतात. तो वायफळ खर्च नव्हे.

दुसरा धागा मनाचा. जोडीदाराचा वियोग, निवृत्ती, परावलंबनाची भीती यांचे घाव खोल असतात. तिसरा धागा भोवतालच्या जीवनाचा. सातारा-सांगलीच्या वाचकांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या तालुक्यांतील किती घरांतली कर्ती माणसे गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगली आहेत! कोणाची मुले सैन्यात, कोणाची पुण्या-मुंबईला. मागे वाड्यात दोन वृद्ध जीव आणि दूरध्वनीची वाट. त्यात ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीतील घरे बुडवली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव येथे दरडी कोसळल्या. अशा आपत्तीनंतर घर पुन्हा उभे राहते, परंतु पावसाची चाहूल लागताच होणारी धडधड आणि उडणारी झोप दीर्घकाळ टिकू शकते. ती भित्रेपणाची खूण नव्हे.

बदल किती वेगाने झाला?

डॉक्टरांकडे जाताना या प्रश्नाचे उत्तर अवश्य सोबत न्या.

• काही तासांत वा एक-दोन दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागले, दिवस-रात्रीचे भान गेले, तर तो वाताचा झटका असू शकतो. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, शरीरातील पाणी घटणे, नवे औषध ही त्याची नेहमीची कारणे. येथे वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

• काही आठवड्यांत उदासी, अन्नावरची वासना उडणे, पहाटे लवकर जाग, ‘मी भार झालो’ असे शब्द येऊ लागले, तर नैराश्याची शक्यता असते. वृद्ध पुष्कळदा ‘मन उदास आहे’ असे म्हणत नाहीत. अंगदुखी, अपचन, थकवा यांचीच तक्रार करतात.

• महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे स्मृती व व्यवहारज्ञान हळूहळू ओसरत असेल, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करावी.

ऐकू न येण्यामुळेही माणूस एकलकोंडे होते. कानाची व डोळ्यांची तपासणी म्हणूनच विसरू नये.

उपचारांविषयीचे गैरसमज

नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास सामान्यतः दोन ते चार आठवडे लागतात. वृद्धांत त्याहून अधिक. आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडू नये. बरे वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने ती चालू ठेवावी आणि त्यांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी. या गोळ्यांची व्यसनासारखी सवय लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र लागते, शिवाय त्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. त्या परस्पर आणून घेऊ नयेत. समुपदेशन, नियमित चालणे, माणसांत मिसळणे हेही उपचारच होत. स्मृतिभ्रंशाचे बहुतेक प्रकार पूर्ण बरे होत नाहीत. तरीही दिनक्रम, शांत वातावरण आणि औषधे यांनी रुग्णाचे व घरच्यांचेही जगणे सुसह्य होते.

बाधा नव्हे, आजार

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले व पुढे आयुष्य अंधश्रद्धा निर्मूलनाला वाहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यांनी ज्या कायद्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने संमत केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारहाण करणे हा त्याखाली गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही रुग्णाला साखळदंड घालण्यास बंदी केली असून शासकीय खर्चाने चालणाऱ्या उपचारांचा हक्क दिला आहे. देवावरील श्रद्धा मनाला आधार देत असेल तर ती जरूर जपावी. मात्र अंगाऱ्यासाठी औषध थांबवू नये.

काळजी घेणाऱ्यांसाठी

‘मन खंबीर ठेवा’ असे सांगण्याऐवजी शेजारी बसून ऐका. ‘जगणे नकोसे वाटते का?’ असे थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मोकळे होण्यास वाट मिळते. होकार मिळाला तर माणसाला एकटे सोडू नका. द्राक्षबागेची, उसाची फवारणीची औषधे आणि घरातील गोळ्या कुलपात ठेवा व तातडीने डॉक्टरांना भेटा. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात चौकशी करावी. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही शासकीय मदतवाहिनी विनामूल्य असून चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येते.

शेवटी एक विनंती. रुग्णाची शुश्रूषा बहुधा घरातील एकाच स्त्रीच्या, सुनेच्या वा पत्नीच्या, वाट्याला येते. तिची झोप, तिचे औषधपाणी, तिचा आठवड्यातील एक मोकळा अर्धा दिवस यांची व्यवस्था इतरांनी लावावी. ती खचली तर रुग्णाची काळजी घेणारे कोणी उरणार नाही.