बुद्धाचे हात काय सांगतात?

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर एक मोठा शिल्पपट आहे. मध्यभागी बुद्ध, भोवती हत्तीवर आरूढ झालेला मार व त्याची सेना, खाली माराच्या कन्या. एवढ्या गदारोळात बुद्धाची हालचाल एकच: उजवा हात गुडघ्यावरून खाली येऊन बोटे भूमीकडे वळली आहेत. या आसनावर बसण्याचा तुझा अधिकार काय, असे माराने विचारताच बुद्धाने पृथ्वीलाच साक्षीस बोलावले, अशी कथा आहे. हीच भूमिस्पर्श मुद्रा. बहुतेक पर्यटक मात्र जवळच्या सुमारे ७ मीटर लांबीच्या महापरिनिर्वाण मूर्तीपाशी छायाचित्रे काढून बाहेर पडतात.

बुद्धमूर्ती सदैव आशीर्वादच देत असते, हा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः हाताची ठेवण हा मूर्तीचा अलंकार नसून तिचा मजकूर आहे. सारनाथ येथील पाचव्या शतकातील प्रसिद्ध मूर्तीचे दोन्ही हात छातीपाशी असून बोटे एकमेकांना स्पर्श करतात. ही धर्मचक्र मुद्रा, अर्थात पहिल्या प्रवचनाचा क्षण. आसनाखाली चक्र, हरणे आणि शिष्य कोरले आहेत, कारण ते प्रवचन मृगदावात झाले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या गर्भगृहातही हाच प्रसंग आहे. मांडीवर एकावर एक ठेवलेले तळवे म्हणजे ध्यानमुद्रा.

गल्लत होते ती अभय आणि वरद या मुद्रांची. दोन्हींत तळवा समोर असतो. पण अभय मुद्रेत हात वर उचललेला व बोटे वर, तर वरद मुद्रेत हात खाली सोडलेला व बोटे जमिनीकडे. पहिली 'भिऊ नका' म्हणते, दुसरी देते. मुंबईकरांना वरद मुद्रा पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना अशा भव्य उभ्या मूर्ती आहेत.

दुर्दैव असे, की पुढे आलेला हातच मूर्तीत सर्वांत आधी तुटतो. मग आसनावरील चक्र-हरणांसारख्या खुणांवरून प्रसंग ओळखावा लागतो.

मुद्रा प्रत्येक वेळी प्रसंगच सांगते असेही नाही. जावा बेटावरील बोरोबुदुर येथे खालच्या सज्जांवर पूर्वेस भूमिस्पर्श, दक्षिणेस वरद, पश्चिमेस ध्यान आणि उत्तरेस अभय मुद्रेतील मूर्ती आहेत. त्या अनुक्रमे अक्षोभ्य, रत्नसंभव, अमिताभ व अमोघसिद्धी या तथागतांच्या मानल्या जातात. तेथे हातावरून दिशाही कळते.