मणक्यात ‘करंट’ देऊन मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो का? लकव्याच्या रुग्णांनी काय लक्षात ठेवावं?

‘मणक्यात मशीन बसवा, लकवा बरा होतो’ असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर आले असतील. यात खरं किती, ते समजून घेऊया.

हे यंत्र नेमकं काय आहे?

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूजवळ बारीक तारा बसवतात आणि त्वचेखाली पेसमेकरसारखी बॅटरी. त्यातून सौम्य विद्युतप्रवाह सोडला जातो. १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. नॉर्मन शीली यांनी हा उपचार पहिल्यांदा केला, तोही वेदना कमी करण्यासाठी. आजही त्याचा मुख्य वापर जुनाट, असह्य दुखण्यासाठीच होतो.

मग मेंदूचा संबंध कुठे आला?

१९८५ मध्ये न्यूरोसर्जन योशिओ होसोबुची यांनी मानेजवळच्या मज्जारज्जूला असा प्रवाह दिल्यावर मेंदूचा रक्तप्रवाह वाढल्याचं नोंदवलं. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या नसांचा जोर यामुळे कमी होतो आणि वाहिन्या रुंदावतात, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. नंतर प्राण्यांवर आणि थोड्या रुग्णांवर प्रयोग झाले. पण रक्तप्रवाह वाढणं आणि रुग्ण बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लकव्यावरचा नेहमीचा उपचार म्हणून हे तंत्र अजून सिद्ध झालेलं नाही.

भंडाऱ्यात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं काय?

वेळ! मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर हेच इंजेक्शन घातक ठरतं.

भंडारा ते नागपूर अंतर सुमारे ६० किलोमीटर. साकोली, लाखांदूरकडून ते आणखी वाढतं. त्यात ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणत किंवा झाडपाल्याच्या औषधात दोन तास गेले, तर हातात फारसं काही उरत नाही.

काय कराल?

- तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं: अचानक यातलं एक जरी दिसलं तरी १०८ वर फोन करा.
- लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा.
- सीटी स्कॅन आणि इंजेक्शनची सोय कुठे आहे, ते आधीच विचारून ठेवा.
- रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.
- बीपी आणि शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

पुढच्या वेळी ग्रुपवर ‘मशीन’चा व्हिडिओ आला, तर त्याखाली ही यादी नक्की टाका.