पेन ड्राइव्ह घेताना

जून महिन्यात शाळा सुरू झाली, की दरवर्षी दोन-तीन मुले तरी मला विचारतात, "सर, पेन ड्राइव्ह घ्यायचा आहे. कोणता घेऊ?" त्यांना एका वाक्यात उत्तर हवे असते. मी मात्र त्यांनाच उलट प्रश्न विचारतो. त्यावर काय ठेवणार? तो कोणकोणत्या संगणकांना लावणार? ते संगणक नवे आहेत की जुने? मुले कंटाळतात. पण हे प्रश्न विचारायला मी एका फजितीतून शिकलो आहे. ती फजिती आधी ऐका.

शाळेच्या वार्षिक अंकाचे काम त्या वर्षी माझ्याकडे होते. स्नेहसंमेलनाचे, म्हणजे तुमच्या सालाना जलशाचे चित्रीकरण, सहलीचे फोटो आणि मुलांचे लेख, सारे शाळेच्या एकाच संगणकावर होते. ते छापखान्यात न्यायचे होते. रस्त्याकडेच्या एका गाडीवर मला ५१२ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह अगदी स्वस्तात मिळाला. मी खूश झालो. आधी चित्रीकरण उतरवले, मग फोटो आणि शेवटी लेख. संगणकावरची जागा संपत आली होती, म्हणून काम झाल्यावर मी मूळ फाईली पुसून टाकल्या. दुसऱ्या दिवशी छापखान्यात पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर सर्व फाईलींची नावे बरोबर दिसत होती. चित्रीकरण उघडले, थोडे फोटोही उघडले. लेख मात्र एकही उघडेना. नाव होते, आत काहीच नव्हते.

असे का झाले, हे समजण्यासाठी पेन ड्राइव्हच्या पोटात काय असते ते पाहू.

बाहेरचे कवच काढले तर आत एक छोटीशी हिरवी किंवा निळी पट्टी दिसते. तिच्यावर मुख्यतः दोन भाग असतात. एक साठवणीची चिप आणि दुसरा तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर. साठवणीच्या चिपमध्ये अतिसूक्ष्म घरे असतात. त्या घरांत विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो. वीज बंद झाली तरी तो तिथेच राहतो, म्हणून पेन ड्राइव्ह खिशात घालून नेला तरी माहिती पुसली जात नाही. या साठवणीला फ्लॅश मेमरी म्हणतात. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. तिच्यातील माहिती एका झटक्यात पुसता येते. त्यावरून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव पडले. पेन ड्राइव्ह बाजारात आला तो २००० साली. त्यावेळी त्यात ८ मेगाबाइट एवढीच माहिती मावत असे. आज दोन मोठे फोटोसुद्धा कधीकधी एवढी जागा घेतात. पण त्याआधी लोक जी फ्लॉपी वापरत, तिच्यात १.४४ मेगाबाइटच मावत. तेव्हा ८ मेगाबाइट म्हणजे चैनच होती!

आता कंट्रोलरकडे वळू. समजा, एक गोदाम आहे. बाहेर मुनीम बसला आहे. माल घेऊन येणाऱ्याला आत जाऊ देत नाहीत. मुनीम सांगेल तेच खरे. तो म्हणाला, "आत पाचशे बारा फळ्या आहेत," की आपण मान डोलवायची. प्रत्यक्षात आत आठच फळ्या असल्या तर? पहिल्या आठ फळ्या भरेपर्यंत सारे ठीक चालते. पुढचा माल मुनीम घेतो, वहीत नोंद करतो, पावतीही देतो आणि माल मागच्या दाराने फेकून देतो. बनावट पेन ड्राइव्हमध्ये कंट्रोलरला असेच खोटे बोलायला शिकवलेले असते. संगणक फक्त कंट्रोलरलाच विचारतो, म्हणून त्यालाही ५१२ चा आकडा दिसतो. फाईलींच्या नावांची यादी बहुधा साठवणीच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून नावे टिकतात आणि मजकूर नाहीसा होतो.

म्हणून पहिली गोष्ट ही, की आकाराच्या मानाने किंमत फारच कमी दिसली तर सावध व्हा. पावती देणाऱ्या दुकानातून घ्या. घरी आणल्यावर त्यात लगेच काही ठेवू नका. तो पूर्ण भरून पाहा. पूर्ण म्हणजे काठोकाठ. मोठ्या फाईलींच्या नकला करत जा आणि शेवटी त्या परत उघडून पाहा. हे काम आपोआप करणारे एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचे छोटे सॉफ्टवेअर आहे. ते मोफत मिळते. ते सारी जागा भरते, मग प्रत्येक अक्षर परत वाचते आणि लिहिलेले व वाचलेले जुळते का ते सांगते. मोठ्या पेन ड्राइव्हला यासाठी काही तास लागतात. लागू द्या. रात्री लावून झोपा. बिघाड निघाला तर पावती हातात आहे, दुकानदाराकडे जाता येते.

खऱ्या पेन ड्राइव्हवरही एक गोष्ट पाहून मुले घाबरतात. वेष्टनावर ३२ गिगाबाइट लिहिलेले असते आणि संगणक २९.८ दाखवतो. ही फसवणूक नव्हे. कारखानदार एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज असलेला संगणक १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा एक गिगाबाइट मोजतो. माप मोठे झाले की आकडा लहान होतो. भागाकार करून पाहा, गणिताच्या तासाला उपयोगी पडेल.

तुम्हांला किती क्षमतेचा, म्हणजे किती गुंजाइशीचा घ्यावा लागेल? निबंध, प्रकल्प, अर्ज आणि गुणपत्रिका यांसाठी सर्वांत लहान पेन ड्राइव्हही पुरून उरतो. चार मेगाबाइटचा एक फोटो धरला तर ३२ गिगाबाइटमध्ये सुमारे आठ हजार फोटो मावतात. चित्रीकरण ठेवायचे असेल तरच ६४ किंवा १२८ चा विचार करा. माझे मत विचाराल तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्यावेत. का, ते पुढे सांगतो.

कोणी म्हणेल, "आता फाईल मोबाईलवरून क्षणात जाते, मग पेन ड्राइव्ह हवाच कशाला?" खरे आहे, लहान फाईल अशी जाते. पण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला, तर तो वाटेत लहान केला जातो. मोबाईलवर तो छान दिसतो आणि अंकात छापला की धुरकट येतो. शिवाय संगणक कक्षात इंटरनेट असेलच असे नाही.

वेगाचे गणित थोडे फसवे आहे. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत जो वेग छापलेला असतो, तो बहुधा वाचण्याचा असतो. लिहिण्याचा, म्हणजे आपण फाईल पेन ड्राइव्हवर उतरवतो तेव्हाचा वेग पुष्कळ कमी असू शकतो. समजा, तीन गिगाबाइटचे चित्रीकरण आहे. सेकंदाला ८ मेगाबाइट लिहिणारा पेन ड्राइव्ह त्याला सहा मिनिटांहून अधिक वेळ घेईल. ४० मेगाबाइट लिहिणारा सव्वा मिनिटात मोकळा होईल. पण यात संगणकाच्या खाचेचाही वाटा आहे. यूएसबी २.० खाचेची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे ६० मेगाबाइट झाले. प्रत्यक्षात तीस-चाळीसच मिळतात. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० ची मर्यादा याच्या दहापटीहून अधिक आहे. ती खाच पुष्कळदा आतून निळी असते. तुमच्या शाळेतले संगणक जुने असतील तर महागड्या वेगवान पेन ड्राइव्हचा तिथे फारसा लाभ नाही. तो चालेल मात्र नक्की, कारण नवा पेन ड्राइव्ह जुन्या खाचेतही काम करतो. ही यूएसबी बनवणाऱ्या गटात इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे आपल्या बडोद्यात शिकलेले अभियंते अग्रभागी होते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मोबाईलवरचे फोटो संगणकावर न्यायचे असतील तर दोन तोंडांचा पेन ड्राइव्ह मिळतो. एका टोकाला नेहमीचे चपटे तोंड, दुसऱ्या टोकाला मोबाईलच्या चार्जरसारखे लंबगोल टाईप-सी. झाकण नसलेला, सरकून आत जाणारा प्रकार मुलांना आवडतो. माझा अनुभव असा, की सरकणारा भाग सैल होतो. एका अखंड तुकड्याचा, दोरी ओवायला भोक असलेला बरा.

आणखी एक अडचण पाहा. पेन ड्राइव्हवर जागा भरपूर आहे, तरी पाच गिगाबाइटची फाईल त्यावर उतरत नाही. "फाईल फार मोठी आहे," असे संगणक सांगतो. याचे कारण मांडणीत आहे. फॅट-३२ नावाच्या जुन्या मांडणीत एक फाईल चार गिगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही. एक्स-फॅट मांडणीत ही अडचण नाही. पण काही जुनी टीव्ही यंत्रे फॅट-३२ च ओळखतात. मांडणी बदलता येते. मात्र बदलताना आतले सगळे पुसले जाते, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी करा.

आपल्या उर्दूच्या मुलांना एक वेगळाच त्रास होतो. मराठीच्या पुस्तकात त्याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. तुम्ही इनपेजमध्ये नस्तालीक लिपीत सुंदर मजकूर तयार केला. फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलात. तिथे इनपेज नाही, फाईल उघडतच नाही. किंवा आहे, पण जुनी आवृत्ती आहे. वर्डमध्ये लिहिले असले तरी तिथे नस्तालीक अक्षरवळण नसेल तर मजकूर नस्खमध्ये दिसतो, ओळी खाली-वर होतात आणि दोन पानांचा मजकूर तीन पाने होतो. पेन ड्राइव्ह बिचारा निर्दोष असतो! यावर उपाय असा, की मूळ फाईलीबरोबर तिची पीडीएफ प्रतही करून घ्या. पीडीएफमध्ये अक्षरवळण बहुधा फाईलीबरोबरच जाते.

झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाला दिवसभरात कितीतरी पेन ड्राइव्ह लागतात. एकाचा व्हायरस दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. कधी घरी येऊन पाहावे तर आपल्या फोल्डरच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात. त्यांवर क्लिक करू नका. मूळ फाईली बहुधा तिथेच लपवून ठेवलेल्या असतात. जाणत्या माणसाकडून आधी व्हायरस काढून घ्या, मग लपलेल्या फाईली दाखवण्याची सोय सुरू करा. दुकानासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवला आणि त्यात छापायची तेवढीच फाईल नेली, तर हा ताप पुष्कळ कमी होतो. दोन लहान घ्या म्हणालो, ते यासाठी.

काम झाल्यावर तो उपटून काढू नका. "इजेक्ट" करून मग काढा. पडद्यावर काम संपलेले दिसले तरी संगणक कधीकधी शेवटचा थोडा मजकूर मागाहून लिहीत असतो.

आणि पेन ड्राइव्ह ही फाईल नेण्याची पिशवी आहे, तिजोरी नव्हे. त्यातील घरे ठरावीक वेळाच लिहून-पुसून घेतात. वर्षानुवर्षे पडून राहिला तर अडकवलेला विद्युतभारही गळू लागतो. नेलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहीपर्यंत मूळ फाईल पुसायची नाही. मी नेमकी तीच पुसली होती.

त्या अंकासाठी नववीतल्या एका मुलीने आपल्या दादीवर निबंध लिहिला होता. हाताने लिहिलेला कागद टाईप झाल्यावर रद्दीत गेला होता. निबंध हरवला, हे तिला सांगायला मला दोन दिवस धीर झाला नाही. तिने तक्रार केली नाही. आठ दिवसांत पुन्हा लिहून आणला. तो अंकात छापलाही. पहिल्या निबंधात दादीच्या पानदानाचे वर्णन होते, ते मला फार आवडले होते. दुसऱ्यात ते नव्हते. मी विचारले, तर ती म्हणाली, "सर, तेव्हा दादी शेजारी बसून सांगत होत्या. आता मला तसे आठवत नाही."