स्टिअरिंग सैल वाटतंय? रस्त्यापासून हातापर्यंत एकेक कडी तपासू या

सेकंडहँड छोटी गाडी घेतली, आठवडाभर शहरात फिरवली, सगळं छान वाटलं. पार्किंग तर एका बोटाने होतं! मग तुम्ही पहिल्यांदा मोटरवेवर जाता आणि ताशी 70 मैलांना काहीतरी खटकतं. रस्ता सरळ आहे, तरी हात सारखे बारीक दुरुस्त्या करतायत. स्टिअरिंग किंचित फिरवलं तर आधी काहीच होत नाही, आणि मग गाडी जरा जास्तच वळते. ओल्या रस्त्यावर टायर नीट धरून आहेत की घसरायच्या बेतात आहेत, हे हाताला समजतच नाही.

अशा वेळी ‘छोट्या गाड्या अशाच असतात’ असं म्हणून आपण सोडून देतो. ते अर्धंच खरं आहे. काही सैलपणा गाडीच्या रचनेतच असतो, काही अगदी स्वस्तात जातो, आणि काही वेळा तो धोक्याचा इशारा असतो. हे तीन प्रकार वेगळे करता आले, तर पैसेही वाचतात आणि जीवही सांभाळला जातो. इथली उदाहरणं ब्रिटनमधली आहेत, पण गाडीचं शास्त्र सगळीकडे सारखंच.

हाताला नेमकं काय कळतं?

पतंग उडवला असेल तर हे लगेच समजेल. मांजा ताठ असतो तेव्हा वरचा प्रत्येक झटका बोटाला जाणवतो. मांज्याला झोळ पडला की तुम्ही खेचलेलं पतंगाला कळत नाही आणि पतंगाचं तुम्हाला कळत नाही. स्टिअरिंगचंही तसंच आहे. रस्ता, टायर, चाकाचे सांधे, रॅक, स्टिअरिंगचा दांडा आणि शेवटी तुमचा तळहात, अशी ही साखळी आहे. झोळ कुठल्याही कडीत पडू शकतो.

या साखळीतून येणारा निरोप टायरपाशी तयार होतो. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. गाडी वळताना तो भाग थोडा पिळला जातो. रस्ता टायरला बाजूला ढकलतो ते बल त्या भागाच्या बरोबर मध्यावर लागत नाही, किंचित मागे लागतं. त्यामुळे चाक आपोआप सरळ होऊ पाहतं. त्यात भर पडते ती चाकाच्या वळण्याच्या अक्षाच्या तिरपेपणाची. सायकलचा पुढचा फोर्क तिरपा असतो ना, तसाच हा अक्ष असतो. वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर येतं ते या दोन्हींमुळे.

आता महत्त्वाची गोष्ट. टायरची पकड संपायच्या आधीच ही सरळ होण्याची ओढ कमी व्हायला लागते. म्हणजे पुढची चाकं घसरण्याच्या थोडं आधी स्टिअरिंग हलकं पडतं. तुम्हाला एक क्षण आधी मिळालेली ही सूचना असते. साखळीत झोळ असेल तर ती हातापर्यंत पोचत नाही. म्हणून स्टिअरिंगची जाण हा फक्त हौशी लोकांचा विषय नाही.

छोट्या गाडीत ती का हरवते?

ज्यांनी पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या मारुती 800 वर हात बसवला, त्यांना आठवत असेल: उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून यायचे, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा कळायचा. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं. 1988 साली सुझुकीने ते सर्व्हो या छोट्या गाडीत आणलं आणि पुढे सगळ्यांनी उचललं. कारण सरळ आहे: हायड्रॉलिक पंप इंजिनावर सतत चालतो, इलेक्ट्रिक मोटर मात्र गरजेपुरतीच वीज घेते.

बऱ्याच छोट्या गाड्यांत ही मोटर स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसवलेली असते. तिथे ती जागेला आणि खर्चाला परवडते. पण मग रस्त्याचा निरोप मोटर आणि तिच्या गिअरमधून जातो. मोठे धक्के पोचतात, बारीक थरथर मात्र तिथल्या घर्षणात विरते. हा झोळ गाडीच्या जन्मापासूनचा आहे, तो गॅरेजमध्ये जात नाही. बाकीचे झोळ मात्र जातात.

तपासणी: खालून वर

रस्त्याकडून सुरुवात करा आणि हाताकडे या. एका वेळी एकच बदल करा, मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच समजणार नाही. प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू!

पहिली गोष्ट हवा. चाकात हवा कमी असेल तर टायरची बाजू लवचीक होते. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, टायर आधी वाकतो आणि मग वळतो. तापमान 10 अंश सेल्सिअसने उतरलं की दाब साधारण दीड-दोन पीएसआय कमी होतो. त्यामुळे उन्हाळ्यात भरलेली हवा नोव्हेंबरात पुरत नाही. दाब किती हवा ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो घेऊ नका. आणि गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना मोजा.

दुसरी गोष्ट टायर. एकाच अॅक्सलवर दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर आहेत का? किती जुने आहेत? टायरच्या बाजूवर चार आकड्यांची तारीख असते: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. इथे एक फसवी गोष्ट आहे. नव्या टायरच्या खोल नक्षीचे ठोकळे थोडे डुलतात, त्यामुळे नवे टायर सुरुवातीला मऊ वाटतात. झिजलेले टायर उलट जास्त चटपटीत वाटतात, पण पावसात तेच आधी सोडतात. ब्रिटनमध्ये नक्षीची खोली किमान 1.6 मिमी असावी लागते. त्या सीमेपर्यंत वाट बघू नका. हाताला छान वाटणं आणि पकड चांगली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी गोष्ट सांधे. सपाट जागी गाडी उभी करा, चाकं सरळ ठेवा, इंजिन चालू ठेवा आणि स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवा. मित्राला पुढच्या चाकाकडे बघायला सांगा. स्टिअरिंग बोटभर फिरूनही चाक हलत नसेल, तर कुठेतरी ‘प्ले’ आहे. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, रॅकचे माउंट हे नेहमीचे संशयित. स्पीड ब्रेकरवर खटखट ऐकू आली तर संशय पक्का. उलट वळणानंतर स्टिअरिंग मध्यावर परत येत नसेल, तर तिथे सैलपणा नाही, कुठेतरी घट्टपणा आहे. स्ट्रटच्या वरचं बेअरिंग किंवा दांड्याचा सांधा धरला असेल. प्ले असलेली गाडी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून मोटरवेवर नेऊ नका. आधी दाखवा.

चौथी गोष्ट अलाइनमेंट, आणि ती सांध्यांच्या नंतरच. झिजलेल्या बुशवर अलाइनमेंट करणं म्हणजे हलत्या टेबलावर भिंग लावून मोजमाप घेणं. ब्रिटनमधली गॅरेजं स्वस्तात ‘ट्रॅकिंग’ करून देतात, त्यात सहसा फक्त पुढच्या चाकांची दिशा जुळवतात. चारही चाकांचं अलाइनमेंट मागा आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून घ्या. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे तेवढी एक दिशाच बदलता येते, बाकीचे कोन कारखान्यातूनच ठरलेले असतात. ते मर्यादेबाहेर दिसले, तर काहीतरी वाकलं किंवा झिजलं आहे असं समजा. काही गाड्यांत या कामानंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही नव्याने जुळवावा लागतो, ते विचारून घ्या.

शेवटची गोष्ट फुकट आहे. स्टिअरिंगवर जाडजूड मऊ कव्हर घातलंय का? काढून टाका. एवढा प्रवास करून आलेला निरोप शेवटच्या सेंटिमीटरला कशाला अडवायचा?

कशावर पैसे घालवू नयेत

‘स्पोर्ट’ बटणाने स्टिअरिंग जड होतं, फियाट 500 मधल्या ‘सिटी’ बटणाने हलकं होतं. दोन्ही बटणं मोटरची मदत कमी-जास्त करतात, रस्त्याची माहिती वाढवत नाहीत. जडपणा म्हणजे जाण नव्हे.

मोठी रिम आणि पातळ टायर लावले तर गाडी लवकर प्रतिसाद देते हे खरं. पण खड्डे अंगावर येतात, आणि रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे गाडी ओढली जाऊ शकते. शिवाय ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. नाही कळवला तर गरजेच्या वेळी क्लेम अडकू शकतो.

आणि अजून गाडी घ्यायची असेल, तर हीच यादी उलटी वापरा. ब्रिटनमध्ये गाडीच्या नंबरवरून तिचा एमओटी इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. नापास होण्याची कारणंच नव्हे, तर ‘लक्ष ठेवा’ म्हणून दिलेल्या सूचनाही तिथे असतात. बॉल जॉइंट, बुश, टायरची एका कडेची झीज हे शब्द लागोपाठच्या वर्षांत दिसले, तर कोणीतरी दुरुस्ती पुढे ढकलत आलंय. टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा नुसत्या गल्लीत फिरून परत येऊ नका, वेगाच्या रस्त्यावर न्या. आपला हात कुठल्याही सैलपणाला आठवडाभरात सरावतो आणि मग तोच सैलपणा नॉर्मल वाटायला लागतो. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत हाताला जे खटकलं, ते उतरल्याबरोबर फोनमध्ये लिहून ठेवा.