रिव्हेट केलेल्या पुलीतील बेअरिंग बदलणे : गवत कापणी यंत्राच्या संदर्भात

पुणे–सातारा महामार्गावरील किकवीसारख्या भोर तालुक्यातील गावांत पावसाळा सरला की गवत कापणीचे दिवस येतात. जेथे विळ्याची जागा यंत्राने घेतली आहे, तेथे ऐन हंगामात यंत्र बंद पडल्यास चारा उभ्याने वाळतो. पट्ट्याला ताण देणारी पुली हा या यंत्राचा लहान, परंतु लवकर झिजणारा भाग होय. पत्र्याच्या दोन तबकड्या रिव्हेटांनी जोडून त्यांच्यामध्ये बेअरिंग बसविलेले असते. अशी पुली उघडता येत नाही, ती संपूर्णच बदलावी लागते, असा समज रूढ आहे. तो अंशतःच खरा आहे.

पट्टा उतरवून पुली हाताने फिरवल्यास खरखर किंवा डगमग जाणवते. ओल्या गवताचा भुसा व माती सीलमधून आत शिरून ग्रीसमध्ये मिसळणे, हे याचे नेहमीचे कारण. पट्टा अवाजवी ताणल्यानेही झीज वाढते.

दुरुस्तीपूर्वी दोन्ही तबकड्यांवर एक सलग खूण करावी. रिव्हेटांची केवळ डोकी ड्रिलने काढून उरलेला भाग पंचने ठोकावा. नवे बेअरिंग बसविल्यावर तबकड्या खुणेप्रमाणे जुळवून रिव्हेटांच्या जागी त्याच जाडीचे बोल्ट व लॉकनट वापरावेत. बोल्टची डोकी पट्ट्याला वा चौकटीला घासत नाहीत, हे पाहावे. वेल्डिंग मात्र टाळावे, कारण उष्णतेने ग्रीस व रबरी सील दोन्ही निकामी होतात.

खरी फसगत क्रमांकात होते. ६२०३ या क्रमांकातील शेवटचे ०३ हे अंक आतील छिद्राचा व्यास १७ मि.मी. असल्याचे दर्शवितात, बाहेरील व्यास ४० मि.मी. आणि रुंदी १२ मि.मी. असते. (०४ पासून पुढे या अंकांना पाचाने गुणले की व्यास मिळतो, ०३ ला हा नियम लागू नाही.) परंतु काही परदेशी यंत्रांत बाहेरून याच मापाचे, आतून मात्र ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मि.मी. छिद्राचे बेअरिंग असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. त्यामुळे दुकानात जाताना जुने बेअरिंग व आसाचा बोल्ट सोबत न्यावा आणि व्हर्नियरने माप घ्यावे.

बेअरिंगचे बाहेरील कडे पत्र्यातच फिरून बैठक सैल झाली असेल, तर नवे बेअरिंगही टिकत नाही. अशा वेळी नवी पुली घेणेच इष्ट.